दिल्लीच्या कमानीवरचं नाव

दिल्लीची ती कमान बांधायला दहा वर्षं लागली. ती पुरी व्हावी म्हणून माझ्याइतकी घाई खुद्द व्हाइसरॉयलाही नसेल, आणि मी तर निपाणीजवळच्या खेड्यात तंबाखूची पानं निवडत बसलेली बाई.

मोठी लढाई संपून बेळगावच्या पलटणीतली माणसं घरी येत होती, त्याच सुमारास त्याच पलटणीतल्या माझ्या नवऱ्याला सरहद्दीवरच्या नव्या लढाईला धाडलं. तिथं तो नाहीसा झाला. प्रेत सापडलं नाही. सरकारनं कळवलं, मेला असं धरून चाला. सासरे म्हणाले, "न्हाय धरत." लग्नानंतर जेमतेम एक सुगी आम्ही एकत्र काढली होती, त्याचा चेहराही मला धड आठवत नव्हता.

आमच्या शेतकरी घरांत विधवेचा पाट लावतात, तिला दुसरं घर करता येतं. पण त्यासाठी आधी विधवा तर ठरायला हवं. मी ना धड सवाशीण, ना धड विधवा. हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या आणि माझी पाळी आली की त्यांचा हात आखडायचा.

गावच्या पेन्शनर सुभेदारांचा मुलगा दिल्लीत नोकरीला होता. सुभेदार अधूनमधून तिकडं जायचे आणि आल्यावर पारावर कमानीची हकिकत सांगायचे. राजाच्या चुलत्यानं पायाचा दगड बसवला. मग तांबड्या दगडाचं जोतं झालं, त्यावर पिवळसर दगड चढायला लागले. सरहद्दीवर जे गेले, ज्यांना धड मातीही मिळाली नाही, त्यांची नावं पाथरवट भिंतींवर कोरणार होते. हे ऐकून सासऱ्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "दगडावर नाव आलं तर मानीन. तवर माझा ल्योक जित्ता हाय." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आमच्या गुऱ्हाळावर दर सुगीला गूळ शिजवायला संकेश्वरकडचा एक गुळव्या यायचा. बायको वारलेली. मी भाकरी घेऊन गेले की तो म्हणायचा, "जाळ लई हाय, जरा मागं सरका." त्या घरात माझ्या अंगाला चटका बसेल याची काळजी दुसऱ्या कुणी केली नव्हती. त्यानं माझ्या भावाकडं शब्द टाकला. अण्णा येऊन हळूच म्हणाला, "मानूस थांबतो म्हंतोय गं. कमान हुंदे."

नवऱ्याचं नाव मेलेल्यांत निघावं म्हणून देवाला नवस बोलणारी पंचक्रोशीत मी एकटीच असेन. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

अखेर कमान उघडली. सुभेदार समारंभाला जाऊन आले ते थेट आमच्या सोप्यात. "हाय नाव," ते म्हणाले. "पोरानं वाचून दावलं, म्या हात लावून आलो." सासूनं माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या आणि माझ्याच गळ्यात पडून रडली. मला तिची दया आली. पण खरं सांगते, बांगड्या फुटताना मला आनंद झाला.

दिवस घातले. दरम्यान सगळा गाव भेटून गेला, निपाणीचे व्यापारीसुद्धा आले. पाटील सासऱ्यांना आपल्या शेजारी बसवायला लागले. मग अण्णानं विषय काढला, "आप्पा, आता तरी तिला मोकळी करा."

सासरे रागावले नाहीत. फेटा सारखा करून म्हणाले, "दुसऱ्या कुणाची असती तर पाटाला न्हाय म्हटलं नसतं रं. पर ज्याचं नाव दिल्लीत राजानं कोरलं, त्याची बायकू गुळव्याच्या घरात भाकरी थापंल व्हय?" बसलेल्यांनी माना डोलावल्या, सुभेदारांनीही. आत भिंतीला टेकून मी ऐकत होते. बेपत्ता माणसाच्या बायकोला त्यांनी कधी ना कधी सोडलं असतं. आता मला सोडवणारं कुणी उरलं नाही.

गुळव्यानं पुढच्या साली दुसरं घर केलं. बरंच केलं, पण मी त्याला बरेच दिवस मनात शिव्या दिल्या.

इंग्रज गेले त्या वर्षी पारावर झेंडा लागला. संध्याकाळी आमच्या सोप्यात चारजण बसले होते. सासरे तोवर फार थकले होते. कुणीतरी म्हणालं, राज्य गेलं, आता त्यांची ती कमानबी पाडत्याल बघा. सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी चहा घेऊन उभी होते. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी विचारलं, "कवा पाडनार?"