सोलरच्या टाकीतला ढोल

फजिती स्वतःची असली तरी लोककथांच्या अभ्यासकाने शिस्त सोडू नये, म्हणून आधी या कथेची आमच्या भागातली परिचित रूपे सांगतो. न दिसणारा ढोल वाजतो आणि ऐकणारा त्याच्या मागे जातो, हा तिचा गाभा. मूल गावाकडच्या कथनात ढोल तलावाच्या तळाशी असतो. गडचिरोलीच्या जंगलात तो मोहाच्या पोकळ खोडात असतो. तिसऱ्या रूपात तो घराच्या आढ्यावर असतो आणि घरात मूल जन्मले की वाजतो. चौथे रूप चंद्रपुरात, माझ्या घरी घडले. त्यात ढोल गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये होता. हसू नका, अजून मी गच्चीवर पोचलोही नाही!

लेक बाळंतपणाला आली होती. नातू सव्वा महिन्याचा आणि थंडी अशी, की गरम पाण्यावाचून त्याला न्हाऊ घालणे अशक्य. रोज सकाळी पार्बताबाई मालीश करायला येत आणि नेमक्या त्याच वेळी गच्चीवर आवाज उमटे. धड-धड. मग दीर्घ विराम. मग एक खोल, जड धाड्!

"पाइप ढिला झाला असन. प्लंबरले बोलवा," पत्नी म्हणाली.

प्लंबर? इतक्या रेखीव लयीला प्लंबर? ढिला पाइप कधी विराम पाळतो का, तुम्हीच सांगा! मी टाकीला कान लावला आणि अंगावर काटा आला. घरात नुकतेच जन्मलेले मूल, आणि माथ्यावर ढोल. ज्या कथेच्या मागे आयुष्यभर गावोगाव हिंडलो, ती माझ्याच घरी चालून आली होती.

मुलचेऱ्याकडचे बिसनभाऊ हे माझे जुने स्नेही आणि नामांकित ढोलवादक. त्यांना मी ढोलासह बोलावून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे टाकीपाशी बसलो. धड-धड... धाड्! बिसनभाऊंनी डोळे मिटले.

"ओळखता का, भाऊ?"

"लग्नाचा नाई, सर. देवाचा बी नाई. पन वाजवणारा घाईत नाई. हात मायेचा हाय."

मायेचा हात! बिसनभाऊंनी ढोलावर तेच बोल परत दिले. आणि टाकीतून उत्तर आले, धड-धड! सांगतो तुम्हाला, त्या क्षणी मी चपला काढून उभा राहिलो.

पण खाली भांड्यांची खणखण चालू होती. मी जिन्यातून ओरडलो, "कोणी हलू नका! हातातली कामं थांबवा!"

घर स्तब्ध झाले. आणि ढोलही.

"रुसला वाटते," बिसनभाऊ हळूच म्हणाले.

खालून लेकीचा आवाज आला, "बाबा, बाळाच्या अंगाले साबण हाय! पाणी घेऊ का नाई?"

"पाच मिनिटं, बेटा!"

"बाबा, कुडकुडून राह्यला तो! काऊन थांबवलं?"

नातवाने टाहो फोडला. तेव्हा मात्र पार्बताबाईंनी माझी परवानगी मागितली नाही. मी जिन्यात होतो. समोर न्हाणीघराचे दार उघडे, डोक्यावर गच्ची. त्यांनी नळ सोडला, मग्गा भरला, नळ बंद केला. वर धड! दुसरा मग्गा. धड! मग पायांवरच्या लेकराचे नाक सरळ यावे म्हणून त्या सावकाश ओढत बसल्या. हाच तो दीर्घ विराम! शेवटी साबण धुवायला तांब्या काठोकाठ भरून नळ झटक्यात बंद केला.

धाड्!

बाळाच्या न्हाण्यावर मी गावोगाव व्याख्याने दिली आहेत. शहाणा माणूस इथे ओशाळून प्लंबरला फोन करतो. मी मात्र आणखीच भारावलो! साऱ्या आज्यांच्या मायेला ताल असतो आणि भिंतीतला पाइप तो वाजवतो, केवढी ही गोष्ट! मी न्हाणीघरात शिरून नळाचा ताबा घेतला.

"बिसनभाऊ, धरा ठेका!"

"सर, आधी लेकरू धुवू द्या!" पार्बताबाई.

"अहो, सोडा तो नळ! भिंत हालून राह्यली!" पत्नी.

सोडतो कोण? मी नळ सोडत होतो, आवळत होतो. वर ढोल, भिंतीत पाइप आणि मध्ये नातवाचे रडणे. सारे घर घुमत होते. असे वादन या जिल्ह्यात पूर्वी झाले नसेल. मी जड ठोक्यासाठी नळ पूर्ण सोडला आणि सगळा जोर लावून बंद केला.

डोक्यावरचा पाइप भिंतीतून सुटला, जोडापाशी निखळला, आणि टाकीतले सारे गरम पाणी माझ्यावर कोसळले.

"सर," वरून बिसनभाऊ ओरडले, "हे तं लय जोरदार होतं! अजून वाजवू का?"

पत्नीने साबणाचे बाळ टॉवेलात गुंडाळले आणि माझ्याकडे न पाहता निघाली. नातवाची उरलेली आंघोळ शेजारी शबानाभाभींच्या गीझरवर झाली. माझी घरीच झाली होती, कुर्त्यासकट.