रोहिदासदादांनी पास केलेली डबी

रसायनीच्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्रम उतरवून रोहिदास ठोंबरे निवृत्त झाले आणि मोहोपाड्याहून भिसेगावात राहायला आले. त्यांनी कसला शोध लावला नव्हता, ड्रम इकडचे तिकडे केले होते. पण गल्लीला तेवढं पुरलं. बायका शांपू, पावडर, क्रीम घेऊन ओट्यावर यायच्या आणि दादा मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायचे.

काही गोष्टी त्यांना खरंच ठाऊक होत्या. यादीत ज्याचं नाव पहिलं, तो माल सगळ्यात जास्त. म्हणून महागड्या बाटलीतही आधी पाणीच असतं. ग्लिसरीन कातडीत ओल धरून ठेवतं. इथवर ठीक. पुढे मात्र त्यांचा एकच कायदा होता. "ज्याला आमी हातमोजे घालून हात लावायचो, ते तू तोंडाला फासतेस?" ड्रमभर माल आणि ट्यूबमधला थेंबभर माल यात फरक असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांच्या मुलीला, तेजश्रीला, खालापूरकडच्या एका रिसॉर्टवर काउंटरची नोकरी लागली होती. पुढच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. दोन वर्षं घरी बसून काढल्यावर मिळालेली नोकरी, पोरगी हरखून गेली होती. गालावर चार पुटकुळ्या होत्या म्हणून डॉक्टरीणबाईंनी साधं क्रीम दिलं होतं. दादांनी ट्यूब उलटी केली, माल टिकावा म्हणून घातलेल्या फिनॉक्सीइथेनॉलपाशी त्यांचं बोट अडलं आणि ट्यूब कचऱ्यात गेली.

"बाबा, डॉक्टरांनी दिलीय ती."

"डॉक्टर कदी ड्रमाजवळ उभी रायलीय काय गं?"

दुसऱ्या दिवशी ते दहिवलीला गेले. तिथं गौराबाई घरी केलेलं म्हणून एक क्रीम विकायची. पांढरी प्लास्टिकची डबी, वर ना नाव ना यादी. दादांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. वाईट असं एकही अक्षर सापडलं नाही. डबी पास झाली.

आठ दिवसांत तेजश्रीचा चेहरा उजळला आणि दादांनी ते गल्लीभर मिरवलं. महिना संपता संपता डबी संपली आणि चेहरा पेटला. लालभडक गाल, पुरळ, उन्हात पाऊल टाकलं की आग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात स्टिरॉइड असणार, बरं व्हायला काही महिने लागतील. रिसॉर्टवाल्यांनी तिला बरी झाल्यावर या म्हणून सांगितलं आणि चार दिवसांत काउंटरवर दुसरी मुलगी बसवली.

दादांना मनापासून वाईट वाटलं, पण जीभ गप्प बसेना. "आता मला काय ठाव गं? डबीवर काय लिवलंच नव्हतं."

तेजश्री ओल्या फडक्यानं गाल दाबत होती. "बाबा, ड्रमावर काय लिवलेलं नसलं, तर कारखान्यात तुमी काय करायचात?"

"गाडीतून उतरवूनच घ्यायचो नाय," दादा ताडकन म्हणाले, आणि मग त्यांना पोरीच्या तोंडाकडे बघवेना.