चारची गोळी

"फोनला सगळं येतं रे, फक्त गप्प बसता येत नाय. तुझ्यासारखं!" असं बोलून काका कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा.

जोगेश्वरीत माझ्या इस्त्रीच्या टपरीला लागून त्यांचं फॉर्म भरून द्यायचं दुकान. मी चौथी नापास, पण अक्कल शिकवायला पुढे. "काका, हे धूड भंगारात टाका. त्याचं सगळं काम आता खिशात होतं."

"होतं ना. पण हा बंद केला की बंद. विचारल्याशिवाय बोलत नाय. फोनला झोपलेलं बघितलंयस कधी?"

खरी गोष्ट वेगळी. त्या डब्यात काकू होत्या. माईक चालतो का बघायला कधीतरी भरलेला आवाज: "अहो, चार वाजले. गोळी घेतलीत का?" काकू गेल्या, आवाज राहिला. रोज चारला काका तो लावायचे, "घेतो गं" बोलायचे आणि गोळी गिळायचे. तुम्ही हसाल. मी पण हसायचो.

एकदा दिवसभर लाईट नव्हती. आवाज नाय म्हणून गोळी नाय. काका चक्कर येऊन खुर्चीतून खाली.

मग मी शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी चारला त्यांचा फोन स्पीकरसमोर धरला, आवाज भरला, रोजचा अलार्म लावून दिला. वाजवून बघितला. काकू बोलल्या. आणि लगेच काका, "घेतो गं." आवाज भरताना सवयीने बोलून गेले होते, ते पण भरलं गेलं.

काका हसले नाय. "अरे, डब्यात ती एकटी होती. मी बाहेर होतो. तू मला पण आत घातलंस."

दिवाळीनंतर काका झोपेतच गेले. चेंबूरची पुतणी आली, डबा भंगारवाल्याला दिला, फोन मला. मी तो बंद करून घडीच्या साड्यांखाली ठेवला.

चारला साड्यांखालून उजेड आला.

"अहो, चार वाजले. गोळी घेतलीत का?"

"घेतो गं."

मी गिऱ्हाईक बाईंच्या मागे लपलो. इस्त्री त्यांच्या साडीवर तशीच. बाई आधी ओरडल्या, मग फोन बघून बोलल्या, "काही फोन बंद असले तरी अलार्मला उठतात, दादा. काढून टाकू?"

डबा तर भंगारात गेला. दोघं आता या फोनातच.

"नको," मी बोललो.

रोज घरून निघताना तो फोन चार्ज करून आणतो. चार वाजायला आले की इस्त्री बाजूला ठेवतो आणि तोंड बंद. मी मध्येच काय बडबडलो, तर काकूंना काकांचं ऐकू जायचं नाय.