योग्य उमेदवार उपलब्ध नाही

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या स्थापत्य विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. विभागप्रमुख झाल्यापासून मी कुलसचिवांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत प्रत्येकाशी कधी ना कधी भांडले आहे. म्हणून ही हकिकत सांगताना मला जास्तच लाज वाटते. जिथे खरंच भांडायला हवं होतं, तिथे मी काजूकतली खात बसले होते.

नगर जिल्ह्यातलं आमचं विद्यापीठ काही फार जुनं नाही. इमारती मात्र वयाच्या मानाने लवकर म्हाताऱ्या झाल्या, कारण काळ्या रानात पाया घालताना मातीला कुणी विचारलंच नाही. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंती उकलतात. माझ्या केबिनमधल्या भेगेत पेन्सिल उभी राहते. अशा जागी मातीचं शास्त्र शिकवणारा एकही कायम प्राध्यापक नव्हता, याला काय म्हणावं! नऊ वर्षं तो विषय एक मुलगी तासिकेवर शिकवत होती. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन, मे महिन्यात घरी बसा आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज करा.

मी तिला मुलगी म्हणते, पण ती चाळिशीला टेकली होती. अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं बौद्ध कुटुंब, आईवडील दोघंही दुसऱ्यांच्या खाचरात भातलावणीला जाणारे. पावसात डोंगरउतार का खचतात, यावर तिने पीएच.डी. केली होती. त्यासाठी दोन पावसाळे ती घसरणाऱ्या उतारांवर नमुने गोळा करत हिंडली. आमच्याकडे बहुतेक मास्तर प्रयोगाचे आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवू देतात. ही पोरांना बाह्या सरसावून काचेवर मातीच्या बारीक वळ्या वळायला लावायची. वळी कधी तुटते ते बोटांना कळलं पाहिजे, असं ती म्हणायची. पोरं कुरकुरायची आणि शिकायची.

शेवटी एकदाची कायम जागा निघाली, तीही अनुसूचित जातीसाठी राखीव. प्रयोगशाळेतले आमचे मदतनीस मामा जाहिरात घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, आता तरी आमच्या बाईंचं व्हईल ना? लई वर्सं झाली."

"होणार म्हणजे काय! तिच्याशिवाय आहेच कोण?" मी ठणकावून सांगितलं. तिलाही बोलावून म्हणाले, "अगं, निवड समितीत मी आहे. तू निर्धास्त राहा."

ती नुसती हसली. निर्धास्त राहायची तिला सवय नसावी.

मुलाखतीला चौघे आले. बाहेरचे तज्ज्ञ म्हणून जे गृहस्थ बोलावले होते, त्यांचं सारं आयुष्य काँक्रीटमध्ये गेलेलं. मी सचिवांना म्हटलं, "अहो, मातीच्या जागेला काँक्रीटचा माणूस?" ते म्हणाले, "ताई, सिव्हिल ते सिव्हिल. माती काय, सिमेंट काय." सचिव संस्थेचे, म्हणजे विद्यापीठाचे खरे मालकच. माझ्या माहेरच्या गावाशी त्यांची सोयरीक आहे, म्हणून मी ताई.

आमच्याकडे मुलाखतीची एक रीत आहे. गुणांचा कोरा तक्ता आधी फिरतो आणि सगळे त्यावर सह्या करून टाकतात. मुलाखती संपल्या की पाहुण्यांना पुण्याच्या वाटेला लागायचं असतं, मग सह्यांसाठी कोण थांबणार? गुण ज्याने त्याने पेन्सिलीने भरायचे, पक्के आकडे ऑफिस नंतर चढवतं. म्हणजे सही पेनाने आणि गुण पेन्सिलीने. इतकी वर्षं मी अशाच सह्या करत आले. त्या दिवशीही चहा-काजूकतलीबरोबर तक्ता आला, मी सही केली आणि तो पुढे सरकवला.

ती तिसरी आत आली. तज्ज्ञांनी पहिला प्रश्न गाव कुठलं हा विचारला, दुसरा आडनावाचा. तिसऱ्यात म्हणाले, "तुमच्याकडे भाताची लाल माती. इथल्या काळीचं तुम्हाला काय कळणार?" तिने शांतपणे आमच्याच वसतिगृहाच्या पायाखालच्या मातीचं सगळं सांगितलं. ती किती फुगते, कशाने फुगते, काय करायला हवं होतं. सचिव खुर्चीत चुळबुळले, कारण ते बांधकाम त्यांच्या देखरेखीखाली झालं होतं.

मग तज्ज्ञांनी विचारलं, "माती कुठल्या ओलाव्याला वाहायला लागते, ते शंकूच्या प्रयोगात कसं काढता? शंकू पंचवीस मिलिमीटर घुसला की, बरोबर?"

ती म्हणाली, "सर, पंचवीस ते ठोके, वाटीच्या प्रयोगातले. शंकू वीस मिलिमीटर घुसला पाहिजे."

आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला येतं हे. तज्ज्ञांचे कान लाल झाले. "बरं, या तुम्ही," एवढंच म्हणाले. तक्ता फिरून माझ्यापुढे आला तेव्हा मी तिला शंभरातले अठ्ठ्याऐंशी गुण दिले, पेन्सिलीने, आणि मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. तोंडाने मात्र अवाक्षर काढलं नाही. माझे गुण बोलतील, असं मला वाटत होतं.

आठवड्याने निकाल फलकावर लागला. चारही नावांपुढे एकच ओळ होती, योग्य उमेदवार उपलब्ध नाही. तिचे एकूण गुण पासापुरतेही नव्हते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच सचिवांच्या खोलीत घुसले आणि तोंडाला येईल ते बोलले. नऊ वर्षं राबवून घेताना ती योग्य होती, तासिकेला योग्य होती, तपासणीची समिती आली की प्रयोगशाळा दाखवायला योग्य होती, आणि खुर्चीवर बसायची वेळ आली की अयोग्य? जागा रिकामी ठेवायची आणि त्याच बाईकडून काम करून घ्यायचं, हे ढळढळीत पाप आहे. तिला अयोग्य ठरवणाऱ्याला प्रयोग येत नव्हता, हे पाचजणांनी कानांनी ऐकलं होतं.

सचिवांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "ताई, ती आहेच की तासिकेवर. कायम केली की डोक्यावर बसतात ही माणसं. तुम्ही आपल्यातल्या, तुम्हाला काय सांगायचं?" आणि तक्ता समोर टाकला. माझ्या नावापुढे तिला एकतीस गुण होते, शाईने. खाली माझी सही होती.

मी तडक प्रयोगशाळेत गेले. ती चाळण्या धूत होती. मी तिला सगळं सांगितलं. कोरा तक्ता, अठ्ठ्याऐंशीचे झालेले एकतीस, आपल्यातल्या म्हणाले तेही. बोलता बोलता मला रडू फुटलं. मामांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. दोघं मलाच सावरत होती.

मी शांत झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, निकालाच्या खाली लिहिलंय, हरकत असेल तर पुराव्यासह आठ दिवसांत. तुम्ही आत्ता जे बोललात, तेवढंच कागदावर द्याल?"

मला माझ्या निवृत्तीला उरलेली दोन वर्षं दिसली. कोऱ्या तक्त्यावर सही केल्याबद्दल आधी माझीच चौकशी लागेल, हेही दिसलं. मी म्हटलं, "बघू."

तिने हात पुसले. "राग तुमच्याकडेच राहू द्या, मॅडम. मला कागद हवा होता."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी घरी सगळ्यांवर खेकसत होते, सचिवांना शिव्या देत होते, रोज कागद पुढे घेत होते आणि उद्यावर टाकत होते. शेवटी एका सकाळी बसून दोन पानं लिहिली, काहीही न लपवता, आणि स्वतः आवक विभागात नेऊन दिली.

कारकुनाने पहिली ओळ वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि शिक्का उचलून परत ठेवला.

"मॅडम, मुदत परवाच सरली की."