झाडू न लागलेला उतार

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. वनरक्षक म्हणून माझी तलासरीकडच्या जंगलात नेमणूक झाली तेव्हा वाणगावला आईने देवापुढे साखर ठेवली. ती नोकरीसाठी की मी घरातून टळले म्हणून, ते तिलाच ठाऊक. अशा माझी गाठ पडली लाडकीमावशीशी.

फाल्गुनात आम्ही पाड्याच्या वरच्या उतारावर चर खणायला फक्कीच्या रेषा मारल्या. पावसाचं पाणी चरांत अडेल, जमिनीत जिरेल आणि खालचा झरा उन्हाळाभर टिकेल, असा बेत होता. पाड्याला प्यायला तो एकच झरा. सकाळी जाऊन बघते तर रेषा गायब, आणि साठीची लाडकीमावशी शेवटची रेष पायाने पुसतेय. माझं डोकंच फिरलं. सरकारी कामात अडथळा, नोटीस, गुन्हा, तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की शेजारचा उतार खण, हा नको. इथली जमीन पाणी पिते, खणलीस तर मोकळी माती वाहून झऱ्यात बसेल.

ही मला शिकवणार, या तिरीमिरीत मी दुसऱ्या दिवशी लोखंडी कडं घेऊन गेले. मावशीही बघायला मागोमाग आली. ते जमिनीत ठोकायचं, आत पाणी ओतायचं आणि किती वेळात मुरतं ते घड्याळावर बघायचं. शेजारच्या उघड्या उतारावर ठोकताना हात भरून आले. ओतलेलं पाणी उभंच. वीस मिनिटांत जेमतेम बोटभर उतरलं. मग मावशीच्या उतारावर आलो. ऐन-सागाचा पाचोळा घोट्यापर्यंत. कडं दोन ठोक्यांत बसलं. तांब्या ओतून घड्याळ बघितलं आणि मान वळवली तर पाणी गेलेलं. उंदराचं बीळ असेल म्हणून जागा बदलली. तीनदा बदलली. मावशी गालात हसत होती. माझं तोंड बंद करणं आईला कधी जमलं नाही, ते त्या मातीने केलं.

मग तिने सगळं सांगितलं. भाताची रोपं टाकायच्या जागी आमच्याकडे आधी पाचोळा-फांद्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. नवी सून असताना लाडकीमावशी राबासाठी हा उतार अंगणासारखा लख्ख झाडायची. सासू चार घरी कौतुक सांगायची. त्या कौतुकापायी जमीन उघडी पडली, कडक झाली आणि एका वैशाखात झरा आटला. हंडा घेऊन दोन टेकड्या ओलांडताना तिला स्वतःचीच चीड यायची. फक्त वाघदेवाच्या दगडाभोवती, जिथलं पान कुणी भीतीने उचलत नव्हतं, तिथे पाय मऊ मातीत रुतायचा. तिथे तिला कळलं.

तिने राबाला पाचोळ्याऐवजी शेण आणि पेंढा वापरला. पहिल्या वर्षी रोपांपेक्षा तणच जास्त उगवलं. नवरा हाल्या महिनाभर धड बोलला नाही. तिने एकटीने तण उपटलं. पण बाकीच्या पाड्याला कसं थांबवायचं? म्हणून देवाच्या हद्दीचे शेंदूर लावलेले दगड ती दरवर्षी दहा-दहा पावलं पुढे सरकवत गेली. वीस वर्षांत अख्खा उतार वाघदेवाचा झाला. कुणाला कळलं नाही, की सगळ्यांना कळूनही कुणी बोललं नाही, कोण जाणे. हद्दीचे दगड राखणं हीच माझी नोकरी, त्यामुळे मी पोट धरून हसले. देव रागावला नाही का, असं विचारलं.

"त्यालापण तहान लागते, बाय," ती म्हणाली.

साहेबांना मी कड्याच्या आकड्यांसकट अहवाल दिला. चर शेजारच्या उघड्या उतारावर गेले. नोटिशीचं बोलले होते त्याची माफी मी तिच्या अंगणात बसून मागितली. त्या दिवशी तिने रेषा पुसल्या नसत्या तर मीच पाड्याचं पाणी तोडलं असतं. तिचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

यंदा वैशाखात गस्तीवरून उतरताना जीव कासावीस झाला होता. झऱ्यावर मावशी हंडा भरत होती. धार करंगळीएवढी, पण अखंड. तिने तांब्या पुढे केला. अर्धा प्यायले आणि उरलेलं पाणी, मन भरून आलं होतं म्हणून, काठच्या मातीला वाहायला वाकले. तिने माझं मनगट धरलं.

"तिचं पोट भरलंय. तू पी."