उसात न ओरडता मारलेली हाक

नोकरीतले एक प्रकरण असे आहे की ते मला अजूनही बसून सांगता येत नाही. घरची मंडळी म्हणतात, आता हे उठणार आणि हातवारे सुरू होणार. नावे कुणाचीच देत नाही. बाकी घडले तसे लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी सांगली जिल्ह्यात, कडेगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. एका दुपारी निनावी फोन आला. "सायेब, तरणीताठी सून अशी मरती व्हय? सासूनं गोळ्या चारल्यात. सरण रचाय लागल्यात, बिगीनं या."

आम्ही अंत्यविधी थांबवला, पंचनामा केला, शवविच्छेदन करवून घेतले. अंगावर खूण नव्हती, घरात विषारी औषध नव्हते. डॉक्टरांनी मृत्यूचे कारण राखून ठेवले आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडे पाठवला. त्याचा अहवाल यायला तेव्हा महिने लागत.

फिर्याद दिली मुलीच्या वडिलांनी. ते फलटणकडचे ऊस बागायतदार. आमच्या भागात भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क मानतात. या सासूबाईंनीही भावाची मुलगीच सून म्हणून आणली होती. म्हणजे भावाने सख्ख्या थोरल्या बहिणीवर खुनाची फिर्याद दिली होती. जबाब देताना त्यांना शिंका आवरत नव्हत्या आणि रडूही आवरत नव्हते. "आक्कानंच माझी लेक खाल्ली, सायेब. तिला सोडू नगा."

बाईंना अटक झाली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. कोठडीत त्या दोन घासांच्या वर जेवत नव्हत्या. महिला शिपाई शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. संशयित बहुधा पहिल्या प्रश्नाला नाकारतो, दुसऱ्याला अडखळतो. या बाई पहिल्याच प्रश्नाला म्हणाल्या, "व्हय, दिल्या गोळ्या. म्याच दिल्या."

"कसल्या?"

"पोरीला गजकर्ण झालतं, त्याची डाक्तरानं दिल्याली. आन् शिंकांनी बेजार झालती, त्याची लेकानं पुण्यास्नं आणल्याली. लय गुणाची गोळी. भावालाबी दिलंय की एक पाकीट."

"मग ती मेली कशी?"

"पडून हुती. चुलीपाशी कुकरची शिट्टी झाली. दचकून उठली आन् तितंच पडली. पुन्यांदा उठली न्हाई."

आमचे हवालदार जुने, मिशीतल्या मिशीत हसणारे. ते म्हणाले, "मावशी, शिट्टीनं माणूस मरतं तर आमच्या परेडीत एक शिपाई उरला नसता."

मलाही ते बनावट वाटले. तरीही जबाबात शब्द बाईंचेच लिहिले. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा काळा फोन खणाणला. बाहेरच्या आवारात ऐकू जावी अशी त्याची घंटा होती. बाई दचकल्या, डोळे पांढरे केले आणि खुर्चीवरून खाली गेल्या.

"उठा, नाटकं पुरं झाली," हवालदार म्हणाले.

महिला शिपायाने मनगट धरले आणि ती ओरडली, "सायेब, नाडी लागंना!"

पाण्याचा तांब्या येईतो बाईंनी श्वास घेतला. मी जीप काढली आणि त्यांना थेट सांगलीच्या सरकारी दवाखान्यात नेले.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, कागदाची पट्टी खिडकीशी धरली, मोजपट्टीने मोजली, पुन्हा मोजली.

"साहेब, पडण्याआधी काय झालं?"

"फोन वाजला."

"फोनच ना? नक्की फोनच?" त्यांचा आवाज चढला होता. मग बाईंकडे वळून, "आजी, पूर्वी कधी अशा पडला होतात?"

"पोरवयात औंधला यमाईच्या जत्रंत. कानापाशी ढोल वाजला आन् पडले. लोकं म्हणली, देवी अंगात आली."

डॉक्टरीणबाईंनी मला समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. हृदयाच्या प्रत्येक पेशीला अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून क्षार आतबाहेर करतात, त्यावर ठोका चालतो. ठोका पडल्यावर पेशीला शांत करणारे एक पोटॅशियमचे दार असते. ते कसे घडवायचे हे एका जनुकात लिहिलेले असते, आणि ते जनुक परदेशात नुकतेच सापडले होते. त्यात बिघाड असेल तर दार अर्धवट उघडते आणि ठोका मिटायला वेळ लागतो. सेकंदाचे हजार भाग केले तर हा वेळ साधारण चारशेचाळीसच्या आत हवा. बाईंचा पाचशेवीसच्या वर होता. अशा माणसाला अचानक आवाजाने दचकवले तर हृदय नुसते थरथरत राहते. मग मी त्यांना सुनेच्या दोन्ही गोळ्यांचे आणि कुकरच्या शिट्टीचे सांगितले.

"आणि ती शिंकांची गोळी नेमकं हेच दार अडवते," त्या म्हणाल्या. "एरवी यकृत तिचा निकाल लावतं. गजकर्णाची गोळी यकृतालाच रोखते. सून यांची आधी नात्यात कोण लागायची?"

"भाची. भावाची मुलगी."

"म्हणजे रक्त एकच. दार आधीच अर्धं, गोळीनं ते लावून घेतलं, आणि वर शिट्टी. आता या नात्यात ती गोळी आणखी कोण घेतंय?"

मला बाईंच्या जबाबातले वाक्य आठवले. भावालाबी दिलंय की एक पाकीट.

मी धावत वायरलेसवर गेलो. फलटणच्या ठाणे अंमलदाराला सांगितले, फिर्यादीला गाठा, त्याच्याकडच्या गोळ्या काढून घ्या.

"गोळ्या? म्हणजे काडतुसं, सर?"

"अहो, शिंकांच्या! आणि ऐका, त्याला दचकवू नका. ओरडायचं नाही, शिट्टी नाही, गाडीचा हॉर्न नाही."

अंमलदाराने हुकूम दोनदा वदवून घेतला. पोलिसाला न ओरडता माणूस आणायला सांगणारा अधिकारी त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा.

पुढचे मला तिथल्या शिपायाने सांगितले. फिर्यादी सकाळीच गोळी घेऊन मळ्यात गेले होते. शिपाई बांधावर पोहोचला तेव्हा ते उसाच्या पलीकडे डिझेल इंजिनाचा दांडा हातात घेऊन वाकले होते. ते इंजिन सुरू होताना बंदुकीसारखा बार काढायचे. हाक मारावी तर मनाई, न मारावी तर बार होणार. शिपायाने बूट काढले, उसाची पाने अंगावर ओढत सरीतून गेला आणि समोरून दिसेल असा उभा राहून, लेकराला उठवावे तशा आवाजात म्हणाला, "आवं तात्या, दांडा ठिवा जरा खाली. सांगलीचं सायेब बोलीवत्यात."

"मग कुजबुजतुयास कशापायी रं? चोरी कराय आलायस व्हय?"

"आवं, हळू बोला म्हणून वरनं हुकूम हाय."

तात्यांनी दांडा ठेवला. संध्याकाळच्या आत ते सांगलीला पोहोचले. त्यांचा आलेख बहिणीच्या आलेखाशेजारी ठेवला, तर पोलिसाच्या डोळ्यालाही दोन्ही एका घरचे दिसत होते. जनुकाची तपासणी तेव्हा आपल्याकडे होत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ते स्पष्ट सांगितले. उपचार मात्र होते. गोळी बंद, पोटॅशियम चालू, ठोका आवरणारे औषध रोज.

दोघांच्या खाटा जवळजवळ होत्या. भाऊ भिंतीकडून बहिणीकडे वळला. मग म्हणाला, "आक्का, म्या तुझ्यावर केस घातली गं."

"घातलीस ते बरं केलंस. न्हाईतर आज इंजिनापाशी पडला असतास."

दवाखान्याच्या कागदांवरून, पुरावा नसल्याने, बाईंना कलम १६९ खाली ठाण्यातूनच मोकळे केले. काही महिन्यांनी व्हिसेराचा अहवाल आला. विष नाही. मग गुन्ह्याला सी समरी मागितली, म्हणजे फिर्याद खोटी नव्हती, समजूत चुकीची होती. शिंकांची ती गोळी नंतर कितीतरी देशांत बंद झाली. काही वर्षांनी डॉक्टरीणबाई भेटल्या, तेव्हा उत्साहाने सांगत होत्या: आता प्रयोगशाळेत पेशींमध्ये ते जनुक घालून तेच दार तयार करतात, आणि नवे औषध माणसाला देण्याआधी ते दार अडवते का हे पाहतात. मी म्हणालो, "म्हणजे औषधाची चारित्र्य पडताळणीच की!" त्या खूप हसल्या.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. संशयिताचे जे वाक्य सर्वांत हास्यास्पद वाटते, ते खोडायचे नाही. त्यामागे आधी जायचे. खोटे बोलणारा माणूस पटेल असेच बोलतो.

सुटकेच्या दिवशी बाई ठाण्यातून निघेनात. पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. "सायेब, गोळ्या म्या माझ्या हातानं दिल्या. खरं सांगा, म्या मारलं न्हाई न्हवं तिला?"

अशा प्रश्नाला पोलिसाचे ठरलेले उत्तर असते, की ते न्यायालय ठरवेल. माझ्या तोंडात ते आलेही होते. मी खुर्चीतून उठलो.

"नाही, आक्का. तुम्ही नाही मारलं."

बाई खाली बसल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा सुनेचे नाव घेऊन रडल्या.