चाळीतला जंतू कुणाचा?

प्रयोगशाळेतले किस्से बशीतल्या जंतूंसारखे वाढतात. संध्याकाळी एक ठेवावा, सकाळी शंभर! त्यातले खरे घडलेले किती आणि मी सांगून सांगून वाढवलेले किती, याची आता मलाच खात्री नाही.

सत्तरच्या दशकात सोलापुरात गिरणीजवळच्या एका चाळीत टायफॉईड पसरला. आजारी पडलेले बहुतेक शांताक्काच्या खानावळीत जेवणारे. आम्हा प्रयोगशाळेतल्यांचा डबाही तिथलाच! सकाळी जंतू बघायचे, दुपारी तिची शेंगाचटणी खायची.

* * *

तपासणीसाठी शांताक्काचं शौच मागवलं. "स्वच्छ डब्यात आणा," असं मीच बजावलं होतं. दुपारी टेबलावर लखलखीत स्टीलचा डबा! आमचे टेक्निशियन शिंदे हात धुऊन जेवायलाच बसले. झाकण उघडलं आणि दारात उभ्या शांताक्कावर ओरडले.

"अक्का, हे काय?"

"तुमीच म्हनला न्हवं, स्वच्छ डबा? ह्याच्यापरास स्वच्छ माज्याकडं न्हाय!"

शिंदे दुसऱ्या दिवसापासून घरून डबा आणू लागले.

* * *

शांताक्का स्वतः ठणठणीत, पण नमुन्यात टायफॉईडचा जंतू निघाला. खानावळीला कुलूप लागलं. शांताक्का थेट माझ्यापुढं उभी.

"खानावळ गेली तर जाऊ द्या, साहेब. पन चाळीतली मानसं माज्याच जंतूनं पडली का, तेवढं सांगा. लोक माज्या हातचं पानी घेईनात."

त्यासाठी जंतूचा प्रकार काढायला हवा. तेव्हाची पद्धत अशी: जंतूंच्या थरावर निरनिराळ्या विषाणूंचे थेंब टाकायचे, कुठला थेंब थर विरघळवतो, त्यावरून प्रकार ठरतो. नमुने दिल्लीला पाठवले. उत्तर आलं, तिचा आणि चाळीतला प्रकार एकच!

मला वाटलं, लागला निकाल. आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर मात्र म्हणाले, "अहो, हा प्रकार गावोगाव सापडतो. चोराच्या अंगावर सोलापुरी चादर होती, म्हणून अख्खं सोलापूर आत टाकणार का?"

हे मी शांताक्काला सांगितलं.

"म्हंजी तुमाला बी ठावं न्हाय," ती म्हणाली आणि मैंदर्गीला भावाकडं निघून गेली.

* * *

तिच्या आणि चाळीतल्या जंतूंच्या नळ्या मी जपल्या. निवृत्तीनंतर, पुण्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्यानं त्यांची जनुकं ताडून पाहिली; एकाच प्रकारातले जंतूही त्यावरून वेगळे ओळखता येतात. मी त्याला पुन्हा तपासायला लावलं. तरी धीर होईना, म्हणून आणखी एकदा! मग मैंदर्गीची एस.टी. धरली.

म्हातारी शांताक्का ओट्यावर शेंगा फोडत होती. मी कानाशी वाकून सांगितलं. तिनं सूप बाजूला सारलं आणि गल्लीला हाक दिली, "अगं ए, भाईर या समद्या!" बाया जमल्या.

"हां साहेब, आता मोट्यानं सांगा की!"

आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो.

"चाळीतला जंतू शांताक्काचा नव्हता!"